‘आभासी शक्ती’ म्हणावे की दुसरे काही? अँपिअर आणि केव्हीए यांच्या हिशेबातील एक शब्द

प्रश्न

आयटीआयच्या वीजतंत्री विद्यार्थ्यांसाठी मी मराठीत टिपणे लिहीत आहे आणि ‘अँपिअरचे केव्हीएमध्ये रूपांतर’ या पाठापाशी अडलो आहे (केव्हीए म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर, एक हजार व्होल्ट-अँपिअर). व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराला अनेक मराठी-हिंदी टिपणांत ‘आभासी शक्ती’ म्हटलेले आढळते. मी तोच शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, शक्ती आभासी असेल तर तिच्यासाठी एवढी जाड केबल कशाला घालायची?” तिला मी सूत्र सांगू शकलो, पण शब्दाचे समर्थन करू शकलो नाही. येथील जाणकारांना काय वाटते?

उत्तर

आपल्या विद्यार्थिनीची शंका रास्त आहे आणि दोष शब्दाचाच आहे, असे माझे मत आहे. मराठीत ‘आभास’ म्हणजे जे दिसते पण नसते ते. हेत्वाभास हा हेतूसारखा दिसतो, पण हेतू नसतो. विरोधाभासात विरोध दिसतो, पण तो खरा नसतो. आणि आरशातल्या आभासी प्रतिमेच्या जागी पडदा धरला तर त्यावर काहीच उमटत नाही. हा शब्द शक्तीला लावला की वाचणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ उभा राहतो तो ‘खोटी शक्ती’ हाच. प्रत्यक्षात तारेतून वाहणारी धारा (जी अँपिअरमध्ये मोजतात) पूर्णपणे खरी असते. ती तारेला तापवते, आणि धारा दुप्पट झाली की तारेतील उष्णता चौपट होते. धारा आणि विद्युतदाब (व्होल्ट) यांची चढउतार एकाच वेळी होते की मागेपुढे, याच्याशी त्या तापण्याचा काहीही संबंध नसतो. म्हणूनच रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) पाटीवर त्याची क्षमता किलोवॅटमध्ये नव्हे, तर केव्हीएमध्ये लिहिलेली असते.

आता पाठाच्या मथळ्याविषयी. फुटांचे मीटरमध्ये होते ते रूपांतर, कारण मोजायची राशी एकच असते आणि केवळ एकक बदलते. अँपिअर आणि केव्हीए ही दोन वेगळ्या राशींची एकके आहेत. ज्वारीच्या पोत्यांचे रुपये किती होतील हे भाव कळल्याशिवाय सांगता येत नाही, तसे अँपिअरवरून केव्हीए हे विद्युतदाब कळल्याशिवाय सांगता येत नाहीत. त्यामुळे ‘रूपांतर’ ऐवजी ‘अँपिअरवरून केव्हीए काढणे’ असेच लिहावे. कामावरची माणसेही तसेच म्हणतात. सिंगल फेजवर २३० व्होल्टला १० अँपिअर असतील तर २३०० व्होल्ट-अँपिअर, म्हणजे २.३ केव्हीए होतात. थ्री फेजवर दोन फेजांमधला दाब घेऊन त्याला धारेने आणि १.७३२ ने गुणायचे आणि १००० ने भागायचे. उलट बाजूने जायचे असेल तर केव्हीएला १००० ने गुणून सिंगल फेजवर दाबाने, आणि थ्री फेजवर दाब व १.७३२ यांच्या गुणाकाराने भागायचे. या दोन्ही वाटांवर पॉवर फॅक्टर (किलोवॅटला केव्हीएने भागून येणारे गुणोत्तर) कोठेही लागत नाही, हे मुलांच्या मनावर ठसवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्याची गरज किलोवॅट काढताना पडते आणि नवशिक्यांची बहुतेक गल्लत येथेच होते.

पुरवणी

वरील उत्तराला मी गावाकडच्या डीपीवरचा, म्हणजे वीज वाटणाऱ्या रोहित्रावरचा दाखला जोडू इच्छितो. ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे रोहित्र आपल्याकडे सर्वत्र दिसते. ४३३ ला १.७३२ ने गुणले की जवळजवळ नेमके ७५० येतात. त्यामुळे अँपिअरची पाऊणपट केली की केव्हीए मिळतात आणि केव्हीएमध्ये त्याचा तिसरा हिस्सा मिळवला की अँपिअर मिळतात. ६३ केव्हीएच्या डीपीला ८४ अँपिअर आणि १०० केव्हीएच्या डीपीला सुमारे १३३ अँपिअर हे आकडे असे तोंडी निघतात. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला, पण येथे त्याचा उपयोग रोजचा आहे.

आता या ६३ च्या डीपीवर साडेसातच्या आठ मोटरी एकदम चालू आहेत असे समजा. साडेसात एचपी म्हणजे सुमारे ५.६ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर प्रत्येक मोटर सुमारे ६.६ किलोवॅट ओढते आणि आठांचे मिळून ५२.६ किलोवॅट होतात. आकडा ६३ च्या आत आहे, म्हणून ऐकणारा निर्धास्त होतो. परंतु पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर केव्हीए जवळजवळ ६६ होतात, आणि मोटरींपाशी ४१५ व्होल्ट मिळत असतील तर डीपीच्या प्रत्येक फेजवर सुमारे ९२ अँपिअर जातात. वायरमनने टाँग टेस्टरचा (तार न तोडता धारा मोजणाऱ्या यंत्राचा) जबडा उघडून तो एका फेजच्या केबलभोवती मिटला की पडद्यावर ९२ दिसतात, पाटीवर ८४ असतात, आणि डीपीच्या टाकीला हात लावणे नकोसे होते. प्रत्येक मोटरीला योग्य कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ०.९५ वर आणला, तर त्याच आठ मोटरी तेवढेच पाणी उपसतात आणि केबलमधले अँपिअर ७७ च्या आसपास उतरतात. जी वस्तू हाताला चटका देते आणि कपॅसिटर लावल्यावर कमी होते, तिला आभासी म्हणणे मला तरी पटत नाही.

शंका

‘आभासी’ नको हे मान्य आहे. मग ‘भासमान शक्ती’ का म्हणू नये? भूगोलाच्या पुस्तकातील सूर्याचे भासमान भ्रमण सर्वांच्या ओळखीचे आहे. तेही नको असेल तर सरळ ‘एकूण शक्ती’ म्हणावे, असे मी सुचवतो.

उत्तर

‘भासमान’ हा शब्द कानाला बरा वाटतो, परंतु आपलाच दाखला त्याच्या विरुद्ध जातो. सूर्याचे भ्रमण भासमान आहे असे आपण म्हणतो, कारण प्रत्यक्षात फिरते ती पृथ्वी. म्हणजे नाकारण्याचा अर्थ येथेही आलाच.

मला ‘दर्शनी शक्ती’ हा शब्द सुचतो. मराठी व्यवहारात ‘दर्शनी’ म्हणजे खोटा नव्हे. समभागाचे दर्शनी मूल्य म्हणजे त्यावर छापलेले मूल्य; ते खरे असते, मात्र बाजारात हाती येणारी रक्कम वेगळी असू शकते. त्याचप्रमाणे व्होल्टमीटरच्या आणि अँपिअरमीटरच्या तबकडीवर जे दिसते त्यांचा गुणाकार म्हणजे दर्शनी शक्ती, आणि त्यातून प्रत्यक्ष कामाला येते ती वॅटमध्ये मोजायची शक्ती. शब्द नवा आहे, रुळायला वेळ लागेल, म्हणून तोपर्यंत टिपणात प्रत्येक वेळी ‘केव्हीए’ सोबत लिहावे. कामावर ‘६३ केव्हीएची डीपी’ असेच म्हणतात आणि त्यात कोणाची फसगत होत नाही. खरी फसगत ‘करंट’ या शब्दात आहे. “तारेला करंट आहे का?” असे विचारणाऱ्याला दाब आहे का हे विचारायचे असते, काहीही जोडलेले नसताना त्या तारेतून धारा वाहतही नसते. म्हणून पाठात तरी ‘दाब’ आणि ‘धारा’ हे शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत.

‘एकूण शक्ती’ला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण ‘एकूण’ म्हटले की मराठी माणूस बेरीज करतो. ६२.५ केव्हीएच्या जनरेटरची पाटी पाहावी. त्यावर पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे ५० किलोवॅट, आणि ४१५ व्होल्टला ८७ अँपिअर असे आकडे असतात. या ५० किलोवॅटच्या जोडीला मोटरींमधील चुंबकत्वासाठी येजा करणारे, पण प्रत्यक्ष कामाला न येणारे ३७.५ किलोव्हार असतात. बेरीज केली तर ८७.५ होतील आणि ते साफ चुकेल. ५० आणि ३७.५ या काटकोन करणाऱ्या दोन बाजू आहेत आणि ६२.५ हा त्यांचा कर्ण आहे. फळ्यावर तीन-चार-पाचचा त्रिकोण काढून त्याची प्रत्येक बाजू साडेबारापट केली की विद्यार्थ्यांना हे आकडे जसेच्या तसे मिळतील.