मदत हवी आहे: “मला घरी सोड”ला काय उत्तर द्यावं?

मंडळी, इंदूरमधल्या मराठी घरांत स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांना सांभाळणाऱ्यांसाठी एक पानी सूचनापत्र करतेय. एका जागी अडलेय.

ऐंशीच्या आजी दिवेलागणीला दाराची कडी धरून विचारतात, “आई कुठेय?” “ती कधीच गेली” म्हटलं की त्यांच्यासाठी ती बातमी ताजीच असते. बातमी विसरतात, रडवेपणा उरतो. म्हणून खरं सांगून मोकळं व्हायची आणि खेकसायची, दोन्ही ऊर्मी गिळायच्या. शब्द कळले नाहीत तरी सूर कळतोच. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मग समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसून एकच छोटं वाक्य, आणि थांबणं. अंधारायच्या आधीच दिवे लावायचे. (घालमेल एक-दोन दिवसांत अचानक वाढली तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं तपासून घ्या, तिथे संयम नाही, डॉक्टर लागतो.)

“आईची आठवण येतेय? पोहे कसे करायची ती?” हे चालतं. पण स्वतःच्याच घरात बसून “मला घरी सोड” म्हटलं तर? खोटं नको, वादही नको. आपल्या इंदुरी मराठीत तोंडात बसतील अशी दोन-चार वाक्यं सुचवा. आणि गिळलेला राग सांभाळणाऱ्याने कुठे रिकामा करावा? रोज 20 मिनिटं दुसऱ्या कुणी बसावं, एवढंच सध्या लिहिलंय.