विडी कामगार महिलांचं संपर्कजाळं: किती नावं विचारावीत?

समाजकार्य_सोलापूर
विडी घरकुल आणि अशोक चौक भागातल्या ६० विडी कामगार महिलांच्या अडीनडीला कोण येतं, याचा अभ्यास करायचा आहे. चाचणी फेरीत ‘महत्त्वाच्या गोष्टी कुणाशी बोलता?’ असं विचारलं, तर बहुतेक जणी नवऱ्याचं नाव घेऊन गप्प. प्रत्येकीकडून किती नावं घ्यावीत? फोनमधली कॉलची यादी उतरवून घेतली तर चालेल का?

साखरपेठ_आकडेवारी
तो प्रश्न अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हेत (तिथल्या लोकांची मतं आणि राहणीमान विचारणारी देशव्यापी पाहणी) १९८५ साली विचारला गेला. ‘महत्त्वाच्या’ म्हणजे काय, हे प्रत्येकजण आपापलं ठरवतो, तिथेच घोळ होतो. नेमकं विचारा: गेल्या सहा महिन्यांत उसने पैसे कुणाकडून घेतलेत? दवाखान्यात सोबत कोण आलं? कारखान्यात विड्या द्यायला जाता तेव्हा लहान मूल कुणापाशी ठेवता? भिशीत कुणाच्या भरवशावर पैसे घालता?

आधी सगळी नावं काढून घ्या, मगच नातं, वय, राहण्याचं ठिकाण विचारा. एकेका नावामागे लगेच पाच प्रश्न आले, की नाव वाढलं तर काम वाढतं हे बाईच्या लक्षात येतं आणि यादी तिथेच थांबते. २००४ च्या त्याच सर्व्हेत जवळपास चौथ्या हिश्श्याने ‘कुणीच नाही’ असं उत्तर दिलं. १९८५ मध्ये ते प्रमाण दहांत एक होतं. माणसं एकाकी झाली अशी चर्चा झाली. नंतरच्या तपासणीत दिसलं, की काही मुलाखतकारांकडेच ‘कुणीच नाही’ फार जास्त होतं. म्हणून कोणती मुलाखत कुणी घेतली, याचा रकाना ठेवाच.

धागा_आणि_गाठ
संख्येचा हिशेब जोड्यांवरून करा, कारण यादीतल्या प्रत्येक दोन माणसांची एकमेकांशी ओळख आहे का, हेही विचारावं लागतं. १५ नावांच्या १०५ जोड्या होतात, २५ च्या थेट ३००. जोडीला पाच सेकंद धरले तरी ९ मिनिटं आणि २५ मिनिटं असा फरक पडतो. १५ पुरे. यादी लांबली तर पहिली १५ घेऊ नका. जवळची माणसं आधी आठवतात, त्यामुळे जाळं आहे त्यापेक्षा दाट दिसतं. चिठ्ठ्या टाकून १५ निवडा. सहाच नावं आली तर सहा. ‘अजून कोण?’ दोनदा विचारायचं, तिसऱ्यांदा नाही.

जोडीचा प्रश्न: ‘तुम्ही नसताना हे दोघं एकमेकांशी बोलतील का?’

सोलापुरात यादीत ‘अक्का’ तीनदा येणार, हे धरूनच चाला. चिठ्ठीवर ‘अक्का, समोरची खोली’, ‘अक्का, थोरली बहीण’ असं लिहा आणि कोपऱ्यात क्रमांक. विड्या वळताना हात मोकळे नसतात. चिठ्ठ्या तुम्ही जमिनीवर मांडा, कोण कुणाजवळ ते त्या सांगतील.

जुनी_मिल
कॉलची यादी नको. घरात एकच फोन असला तर त्यात नवऱ्याचे, मुलाचे कॉल मिसळतात. आणि समोरच्या दारातल्या बाईला हाक मारली जाते, फोन केला जात नाही. म्हणजे सर्वांत भक्कम नातंच यादीतून गळतं.

ब्लूटूथने भेटी मोजायचा विचार असेल तर तोही सोडा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या २००४ च्या प्रयोगात १०० नोकिया ६६०० फोन दर पाच मिनिटांनी आसपासचे फोन टिपत. आताचे फोन आपला ब्लूटूथ पत्ता बदलत राहतात, ओळख टिकत नाही. शिवाय लहरी भिंतीपलीकडे जातात, त्यामुळे लागून असलेल्या खोल्यांत रात्रभर ‘भेट’ नोंदली जाते.

फोन वापरायचाच तर शेवटी: त्यांनी स्वतः नावं चाळावीत, राहिलेलं नाव तोंडी सांगावं. फोटो काढू नका. त्या यादीतल्या माणसांनी संमती दिलेली नाही, म्हणून तक्त्यात क्रमांकच, नावांची वही वेगळी.

समाजकार्य_सोलापूर
जोडीबद्दल ‘माहीत नाही’ म्हणाल्या तर शून्य लिहू?

धागा_आणि_गाठ
नाही. शून्य म्हणजे ‘ओळख नाही’. ‘माहीत नाही’ला ९ द्या आणि घनता (एकूण जोड्यांपैकी ओळख असलेल्या किती) काढताना ती जोडी छेदातूनही वगळा. दोन तक्ते ठेवा: एकात ओळीला एक नाव, दुसऱ्यात ओळीला एक जोडी. आर (R) या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधलं ‘इगॉर’ (egor) पॅकेज तसेच तक्ते वाचतं. ९ मात्र आधी गाळा.