मदत हवी आहे: प्रकटीकरणातील प्रतीकांचा अर्थ कुठवर ताणावा?

नमस्कार. नव्या करारातील प्रकटीकरणाचे पुस्तक सध्या सावकाश वाचत असताना एका प्रश्नावर मी अडलो आहे. पहिल्या अध्यायात सात तारे म्हणजे सात मंडळ्यांचे (ख्रिस्ती समुदायांचे) दूत आणि सात समया म्हणजे त्या मंडळ्या, असा उलगडा पुस्तक स्वतःच करते. तिथे तर्काला जागाच उरत नाही. पाचव्या अध्यायात मात्र हे दर्शन पाहणाऱ्या योहानाला यहूदा वंशाच्या सिंहाविषयी सांगितले जाते आणि तो पाहतो तेव्हा समोर वधलेला वाटावा असा कोकरा उभा असतो, तोही सात शिंगांचा आणि सात डोळ्यांचा. डोळ्यांचा अर्थ लगेच पुढे दिला आहे, शिंगांचा नाही. जुन्या करारात शिंग हे सामर्थ्याचे चिन्ह म्हणून वारंवार येते, तेवढ्यावरून इथला अर्थ लावणे पुरेसे आहे का?

तेराव्या अध्यायातील सात डोक्यांचे श्वापद तर अधिकच गोंधळात टाकते. त्याच्या वर्णनातील चित्ता, अस्वल, सिंह हा क्रम जुन्या करारातील दानीएलाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातील क्रमाच्या नेमका उलट आहे, आणि तिथल्या चार पशूंची डोकी मोजली तर ती सातच भरतात (चित्त्याला चार आहेत). हा योगायोग असावा असे मला वाटत नाही. पण सतराव्या अध्यायात त्याच सात डोक्यांना सात डोंगर आणि सात राजे म्हटले आहे. मग आधार दानीएलाचा घ्यावा, की सात टेकड्यांवर वसलेल्या रोमचा? ६६६ या, त्याच अध्यायात श्वापदाची म्हणून दिलेल्या, संख्येचा वाद इथे मुद्दामच टाळतो.

ज्यांनी हे अध्याय मूळ ग्रीकमधून अभ्यासले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.