लताकिया आवडत नाही म्हणजे जीभच नाही?

धूरकट (धागाकर्ता)

परवा लीड्सकरांनी पाइपच्या तंबाखूवर लेख टाकला. लेख बरा होता, पण शेवटचं वाक्य असं: "ज्याला लताकिया झेपत नाही त्याने व्हॅनिलाची गोळी चघळावी, पाइपच्या वाटेला जाऊ नये." (लताकिया म्हणजे धुरावर धरलेली तंबाखू, पाइपच्या मिश्रणात घालतात.) तिथेच चार ओळींचा प्रतिसाद लिहायला घेतला. आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी 11 वर्षं पाइप ओढतोय. सुरुवात चेरीच्या वासाच्या तंबाखूने केली आणि आजही तिथेच आहे. मधे लोकांच्या नादाने 'वरच्या इयत्तेत' जाऊन पाहिलं. भावाने अमेरिकेतून येताना लताकिया घातलेल्या एका नामांकित इंग्लिश मिश्रणाची 50 ग्रॅमची डबी आणली. नाव घेत नाही, भक्त अंगावर येतील. नेटवर तिच्याबद्दल काय काय लिहिलंय! चामडं, जुनी लायब्ररी, पावसात भिजलेलं जंगल. मी पहिली काडी ओढली आणि बायको आतून धावत आली, "अहो, वायर जळतेय का कुठे?"

मला मात्र वास ओळखीचा वाटला. आमची आजी परसात खापरावर तंबाखू भाजून मिश्री करायची, तोच काळपट, घशात बसणारा वास. आजीला त्यासाठी चार आणे पुरायचे. मी डॉलर मोजले.

तीन वेळा भरला, तिन्ही वेळा अर्ध्यावर झाडून टाकला. वर जिभेला दोन दिवस चरचर. आता हा माझ्या जिभेचा दोष म्हणायचा? सुगंधी तंबाखू म्हणजे बालवाडी, व्हर्जिनिया (गोडसर पानाची तंबाखू) म्हणजे हायस्कूल आणि लताकिया म्हणजे पीएचडी, ही उतरंड कुणी लावली? शेवभाजी खाणाऱ्याने श्रीखंड खाणाऱ्याला कच्चा म्हणावं, तसं आहे हे.

लीड्सकर

माझ्या एका वाक्यावर अख्खा धागा, म्हणजे बाण बरोबर लागला.

धूरकटराव, डबी उघडली आणि तशीच पाइपात कोंबलीत ना? खरं सांगा. डबीतली तंबाखू बऱ्याचदा ओलसर असते. ओली पेटत नाही म्हणून माणूस जोरात ओढतो, वाफ होते आणि ती जीभ पोळते. दोष लताकियाचा नाही. तुमच्या मिश्रणातल्या व्हर्जिनियात साखर भरपूर, ती घाईघाईने ओढली की चावतेच. कागदावर अर्धा तास पसरून ठेवा, मग बोला.

आणि लताकिया ही भाजी नव्हे, हिंग आहे. नुसता हिंग खाऊन "कडू आहे" म्हणणाऱ्याला काय सांगणार? पानं मस्तकी, मर्टल, पाइन असल्या झाडाझुडपांच्या धुरावर धरतात, म्हणून तो वास. सीरियातला लताकिया मी जुन्या डबीतून एकदाच ओढलाय. आता मिळतो तो सायप्रसचा, आणि त्यालाच तुम्ही जळकी वायर म्हणताय.

काडेपेटी

लीड्सकर, ओलाव्याचं पटलं. पण "जुन्या डबीतला सीरियन" वगैरे जरा कमी करा. 2018 साली डनहिलने पाइपची तंबाखू बंद केली तेव्हा लोकांनी छाती पिटून डब्या साठवल्या होत्या. पुढे त्यातली बरीच मिश्रणं पीटरसनच्या नावाने आली, बनणार डेन्मार्कच्या त्याच कारखान्यात. तरी आमच्या ग्रुपातला एक जण "आता ती मजा नाही" म्हणत राहिला. त्याला एकदा डोळे मिटायला लावून दोन पाइप दिले. त्याने नव्याला जुनं ठरवलं. तेव्हापासून आमच्याशी बोलत नाही.

सीमाभागी

पाइपातलं मला कळत नाही आणि कळायची गरज पण नाही. पण धूरकट साहेब, घाण वास म्हटल्यावर तुम्हाला आजीची मिश्रीच आठवली होय?

आमची निपाणीच्या बाजूला अडीच एकर तंबाखू होती. शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे. दिवसभरात हाताला चीक बसून हात काळे व्हायचे. मातीनं घासा, राखेनं घासा, रात्री भाकरी कडूच लागायची. आई वखारीत चाळायला जायची, नाकातोंडाला पदर बांधून. घरी आली की आम्ही शिंकायचो. 1981 ला बाबा पुणे-बंगलोर रस्त्यावर त्या आंदोलनात बसले होते, शरद जोशींच्या. शेवटी गोळीबार झाला, माणसं मेली. कशासाठी? तंबाखूला दर मिळावा म्हणून.

तुम्ही पाइपात घातली की "जंगलाचा सुगंध", आमच्या आईनं दाताला लावली की घाण वास. तळहातावर मळली की व्यसन, ब्रायरच्या लाकडी पाइपात भरली की छंद. वा रे वा.

धूरकट

अहो, 'घाण' हा शब्द माझ्या लिखाणात कुठे आहे? 'ओळखीचा' म्हटलंय. आजीबद्दल मी वाईट बोललेलो नाही.

सीमाभागी

"घशात बसणारा" म्हणालात. ते काय कौतुक होतं?

कोकणमेवा

अवांतर: मिश्री नाही हो, मशेरी. आमच्याकडे कोणी मिश्री म्हटलं तर खडीसाखर आणून देतील.

काडेपेटी

मशेरी तुमच्याकडे. सांगली-कोल्हापूरकडे मिश्रीच म्हणतात. आता यावर 40 प्रतिसाद पडणार. खुर्ची टाकून बसतो.

कोकणमेवा

40 पडोत. खापरावर भाजलेली मशेरी आणि पुडीतली मशेरी यातला फरक तुमच्या लताकियावाल्यांना सात जन्मांत कळायचा नाही. माझी आत्या तंबाखू भाजताना पान चुरगाळून आवाज ऐकायची. कुरकुर आवाज आला की लगेच खाली. एक मिनिट उशीर झाला तर राख, लवकर काढली तर कच्चट. तिला कुणी तज्ज्ञ म्हटलं नाही. डेन्मार्कात जन्मली असती तर डबीवर फोटो छापला असता.

सीमाभागी

कोकणमेवा, हे मात्र शंभर टक्के. शब्द तुमचा चुकलाय तरी.

मुक्ता_७१

वाचत होते, लिहिणार नव्हते. आत्याचं कौतुक वाचून राहवलं नाही.

माझी आई तेराव्या वर्षापासून मशेरी लावायची. सकाळी, दुपारी जेवून, संध्याकाळी. अंगणाच्या कडेला उकिडवी बसून, अर्धा तास, जगाशी संबंध नाही. आम्ही म्हणायचो तेवढाच तिचा आराम. मग गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तिने वर्षभर सांगितलं नाही. परळच्या फेऱ्या, ऑपरेशन, अर्धा जबडा गेला. शेवटची दोन वर्षं पातळ भात, तोही गाळून. त्यामुळे खापर, कुरकुर आवाज, जुनी लायब्ररी, सगळं एकाच पंगतीतलं आहे माझ्यासाठी. चालू द्या तुमचं.

लीड्सकर

मुक्ताताई, वाईट वाटलं. पण धागा चवीबद्दल आहे. तंबाखूचे तोटे इथे प्रत्येकाला ठाऊक आहेत. प्रत्येक धाग्यावर तेच आणलं तर कुणी काही लिहूच नये. आणि पाइपचा धूर आत घेत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात.

मुक्ता_७१

माझ्या आईनेही आत घेतला नव्हता, काका. तोंडातच ठेवली होती.

काडेपेटी

लीड्सकर, आता गप्प बसा जरा.

लीड्सकर

बसलो. ते आत घेण्याचं वाक्य लिहायला नको होतं. मागे घेतो.

सीमाभागी

ताई, आमच्या आईला खोकला होता, वखारीचा. आम्ही पण तेवढ्यावरच थांबलो, पुढं विचारलं नाही. तंबाखूनं आम्हाला शिकवलं आणि तंबाखूनंच… असो. आता त्या रानात ऊस आहे. पण मला राग तंबाखूला नावं ठेवल्याचा नव्हता. एकाच पानाला दोन इज्जती देतात त्याचा होता.

धूरकट

मूळ मुद्द्यावर येऊ का? तीन दिवस झाले, माझ्या चेरीला कुणी विचारत नाही.

सीमाभागी, उदाहरण देताना मी विचार केला नाही, मान्य. घरात हसत सांगायची गोष्ट होती, इथे वेगळी वाचली गेली. आजीची मिश्री मला खरंच आवडायची हे मी लिहिलं नाही. तिच्या लुगड्याला तोच वास यायचा आणि मी तिच्याच कुशीत झोपायचो. कदाचित म्हणूनच पाइपात नको झाला असेल.

लीड्सकर, तुमचा प्रयोग केला. अर्धा तास नाही, दीड तास पसरली, कारण पुण्यात ऑगस्ट आहे आणि पेपरसुद्धा ओला आहे. सैल भरली, सावकाश ओढली. जीभ पोळली नाही. हे लिहिताना हात थरथरतोय. शेवटपर्यंत ओढली, तळाशी पाणी नाही, राख पांढरी. वायर जळल्याचा वास गेलेला नाही, पण वायर आता बऱ्यापैकी महागातली वाटते.

तरी उद्या चेरीच भरणार.

लीड्सकर

चेरीवालीही पसरून ठेवा. ती तर पाकातच घातलेली असते, ओलावा टिकायला त्यात ग्लायकॉल घालतात. इतकी वर्षं जीभ कशी टिकली याचंच नवल. 'पाइपच्या वाटेला जाऊ नये' हे शब्द मागे. व्हॅनिलाच्या गोळीचं कायम.

कोकणमेवा

आणि मशेरी?

काडेपेटी

मिश्री.