मदत हवी आहे: मासेमारीत लुअर (लाइनला बांधायचा नकली मासा) गाठीतून सुटून जातो, पक्का कसा बांधावा?

नवगळ:
मंडळी, मार्गदर्शन हवं आहे. सामान असं: मध्यम स्पिनिंग रॉड, ३००० आकाराचं रीळ, १५ पौंडी (तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन, लीडर (लाइन आणि लुअरमधला वेगळ्या लाइनचा तुकडा) नाही. लुअर ७ ते १५ ग्रॅमचे. ट्रेबल हूकचे (तीन टोकांच्या गळाचे) कडक, माशाच्या आकाराचे प्लग, स्पून (चमच्यासारखे धातूचे) आणि जिग हेडवर (वजनदार डोक्याच्या गळावर) रबरी मासे. सगळ्यांना गाठ एकच, इम्प्रूव्ह्ड क्लिंच, ५ वेढे. हिसका बसला की लुअर जातो आणि हातात आलेल्या लाइनचं टोक पीळ पडून कुरळं झालेलं असतं. शिवाय प्लग हवा तसा डुलतही नाही. गाठ बदलू, की सरळ स्नॅप (उघडमीट होणारी तारेची कडी) लावू?

तंगूस:
टोक कुरळं आहे म्हणजे लाइन तुटलेली नाही, गाठ सरकत सरकत उलगडली आहे. गाठीतच तुटली असती तर टोक सरळ आणि तुकडा पडल्यासारखं दिसलं असतं. टोकाच्या वर बोटभर खरखरीत, पिंजलेलं असेल तर दगडावर घासली. आणि लुअरबरोबर चारपाच मीटर लाइनही गेली असेल तर गाठीला दोष देऊ नका. कास्ट करताना (लुअर फेकताना) रिळाचा बेल (लाइन सोडणारी-धरणारी तारेची कमान) मध्येच बंद झाला किंवा लाइन रॉडच्या टोकाच्या गाइडला (कडीला) अडकली, हेच बहुतेक वेळा कारण निघतं.

क्लिंच ही मोनोची, म्हणजे एकाच धाग्याच्या नायलॉन लाइनची गाठ. मोनो आवळली की जराशी चपटते आणि वेढे एकमेकांत रुततात. ब्रेडेड म्हणजे पॉलिइथिलीनचे गुळगुळीत धागे, ते रुतत नाहीत. थेट ब्रेडेडलाच बांधायचं असेल तर पालोमार बांधा. १५ सेंमी लाइन दुमडून दुहेरी करा आणि दुमड लुअरच्या डोळ्यातून (बांधायच्या कडीतून) ओवा. दुहेरी लाइनचीच एक साधी सैल गाठ मारा, आवळू नका. आता दुमडीच्या फाशातून अख्खा लुअर पार करा, फासा डोळ्याच्या वर नेऊन सोडा, गाठ ओली करा आणि मुख्य लाइन व टोक दोन्ही एकत्र, सावकाश ओढा. बिघडते ती दोन ठिकाणी: दुहेरी धागे समांतर न राहता एकमेकांवर चढतात, किंवा फासा डोळ्यावरच अडकून राहतो. दोन्ही वेळा कापून नव्याने बांधायची.

सातवेढे:
पालोमार मजबूत, वाद नाही. पण लुअर थेट ब्रेडेडला बांधणंच मला पटत नाही. ब्रेडेड पाण्यात उठून दिसते, दगडावर पटकन कापते आणि ढिली पडली की ट्रेबलला गुंडाळते. पुढे १२ पौंडी फ्लोरोकार्बनचा (फ्लोरो, पाण्यात कमी दिसणारी एकधागी लाइन) ६० ते ९० सेंमी लीडर लावा. जोड डबल युनीचा (दोन लाइन जोडायची गाठ): ब्रेडेडचे ८ वेढे, फ्लोरोचे ५. आणखी एक फायदा: लुअर अडकला तर बहुधा लीडरच तुटतो, रिळावरची लाइन वाचते. फक्त पाण्याच्या वर चालणाऱ्या लुअरला फ्लोरो नको, ती बुडते आणि लुअरचं नाक खाली खेचते. तिथे मोनो.

प्लग डुलत नाही, कारण आवळलेली गाठ त्याचं नाक धरून ठेवते. त्याला न सरकणारी फाशाची गाठ हवी. लीडरच्या टोकापासून २० सेंमीवर साधी सैल गाठ मारून ठेवा. टोक डोळ्यातून ओवा आणि त्या सैल गाठीतून परत न्या, ज्या बाजूने ते बाहेर पडलं होतं त्याच बाजूने आत. मग मुख्य लाइनभोवती ५ वेढे, आणि टोक पुन्हा त्याच गाठीतून, त्याच बाजूने मागे. २० ते ४० पौंडी लीडरला ४ वेढे पुरतात. फासा ५ ते ८ मिमी ठेवा. मोठा ठेवलात तर हूक त्यातच अडकतो.

रीळवाला:
स्नॅपचं थोडक्यात. वारंवार लुअर बदलायचे असतील तर प्लगला छोटा, गोल तोंडाचा, बिनस्विव्हलचा (स्विव्हल म्हणजे गरगर फिरणारा जोड) स्नॅप चालतो. फासा जे करतो तेच तो करतो. टोकदार तोंडाच्या स्नॅपमध्ये लुअर कोपऱ्यात जाऊन बसतो. जड स्नॅप-स्विव्हल छोट्या प्लगचा तोल घालवतो. स्पून आणि स्पिनर (फिरत्या पात्याचे लुअर) मात्र लाइनला पीळ देतात, म्हणून स्विव्हल लागतो, पण तो लीडरच्या वरच्या टोकाला. मग वर डबल युनीची गरज नाही, दोन्ही लाइन स्विव्हललाच बांधा. जिग हेडला स्नॅप नको.

प्लगच्या नाकाला स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वळशाची कडी) असेल आणि गाठ थेट तिला असेल तर रिंग नीट पाहा. तारेची दोन टोकं जिथे संपतात तिथे खाच असते. गाठ फिरत त्या खाचेत गेली की कापली जाते, गाठ कितीही चांगली असो. स्नॅप लावायचा तर ही रिंग काढून टाका, दोन्ही एकत्र नकोत. नव्या जिग हेडच्या डोळ्यात रंग भरलेला असतो, तो जुन्या हूकच्या टोकाने साफ करा. वाळलेल्या रंगाची धार लीडर कुरतडते.

नवगळ:
आभार. पालोमार प्लगवर बांधायला गेलं की फासा ट्रेबलमध्ये गुंततो. आणि ब्रेडेडच्या गाठीवर सुपरग्लूचा थेंब टाकला तर सरकणं थांबेल का?

तंगूस:
ट्रेबलच्या लुअरला पालोमार मारत बसू नका. फासा गाठ जमेपर्यंत युनी बांधा: १५ सेंमी टोक ओवून मुख्य लाइनला समांतर ठेवा, टोक मागे वळवून फासा करा, फाशाच्या आतून दोन्ही धाग्यांभोवती फ्लोरोला ५, ब्रेडेडला ८ वेढे. टोक ओढून वेढे बसवा, मग मुख्य लाइन ओढून गाठ डोळ्यापर्यंत सरकवा. ग्लूने चुकीची गाठ बरोबर होत नाही. उलट टोकाशी लाइन कडक होते.

सातवेढे:
फ्लोरोची गाठ कोरडी आवळू नका. घर्षणाने तापून ती आतल्या आत दुबळी होते; गाठीच्या वर लाइन पांढरट किंवा बारीक कुरळी दिसली की तेच झालंय. टोक फ्लोरोचं २ मिमी, ब्रेडेडचं ५ मिमी ठेवा. ब्रेडेड नेलकटरने नीट कापली जात नाही, धारदार कात्री घ्या. लायटरने टोक जाळू नका, आच गाठीलाही लागते.

रीळवाला:
बांधल्यावर ताण देऊन पाहा: हूक पक्कडीत धरा, डोळ्यांवर चष्मा, आणि ब्रेडेड उघड्या हाताला गुंडाळायची नाही, बोट कापतं. झटका न देता ओढा. सरकायची असेल तर गाठ इथेच सरकते. ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) स्प्रिंग काट्यावर मोजून लावा. १२ पौंडी म्हणजे साधारण ५.४ किलो, त्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे १.४ ते १.८ किलो. मोठा मासा खेळवून झाला किंवा लुअर अडकून सुटला की लीडरचा शेवटचा हातभर भाग नखातून फिरवा. खरखर लागली तर तेवढा कापून नवी गाठ.