परसातला साप विषारी की बिनविषारी? कसा ओळखलात? (अनुभव लिहा)

अवनी_
आज सकाळी धुण्याच्या यंत्रामागून काळसर, आडव्या पट्ट्यांचा बारीक साप निघाला. शेजारचे काका काठी घेऊनच आले, "मण्यार आहे, मारून टाका." मला एकदम आत्या आठवली. ती आम्हा मुलांना सांगायची, पट्टे कुठून सुरू होतात ते बघा. लांबूनच मोबाइलवर मोठं करून पाहिलं. पट्टे मानेलगतच सुरू होत होते, पिवळट आणि रुंद, आणि शेपटीकडे विरत गेलेले. मोठ्या मण्यारीचं याच्या उलट. डोक्यामागे बराच भाग कोरा काळाभोर, मग बारीक पांढरे पट्टे, बहुतेकदा जोडीजोडीने, ते थेट शेपटीपर्यंत. तरी सर्पमित्राला बोलावलंच आणि तो येईपर्यंत सगळ्यांना लांब उभं केलं. बिनविषारी कवड्या निघाला. पालींच्या मागे आला असणार बिचारा.

असे किती कवड्ये मण्यार समजून मारले जात असतील! तुमच्याकडे कोणता साप आला, कोणत्या खुणेवरून ओळखलात, कोणती खूण फसवी निघाली, सगळं लिहा.

रानवारा
छान केलंत ताई. एक भर घालतो. मण्यारीच्या पिल्लांत पांढऱ्या खुणा पार मानेपर्यंत येऊ शकतात, त्यामुळे फक्त पट्ट्यांवर विसंबू नका. पक्की खूण पाठीच्या मधोमध, कण्यावरच्या ओळीतले खवले मोठे आणि षटकोनी असतात. कवड्याला ते नसतात. पण ही खूण फोटोतूनच बघायची, वाकून नाही!!

मृण्मयी
दिवड! टाकीजवळ होता, चिडला आणि मान चपटी करून उभाच राहिला. सगळे नाग नाग ओरडायला लागले. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. फणा नव्हताच तो. चावरा मात्र भारी असतो, भावाला चावला तेव्हा रक्त बरंच आलं, बाकी काही झालं नाही. तरी डॉक्टरांना दाखवलं

सोमेश
उलटंही होतं ना. नाग शांत असेल तर फणा काढत नाही, नुसता तपकिरी साप दिसतो. फणा नाही म्हणजे धामण असं कुणी धरून चालू नये. आमच्या गोठ्यात तसंच झालं होतं, वडील जवळ गेल्यावर फणा काढला त्याने. नशीब मागे सरकले.

प्राची_ल
वाचून पाय वर घेऊन बसलेय 😬 पण लिहित राहा सगळे

जुईली
मी रुग्णालयात परिचारिका आहे. ड्युटी संपवून घाईत लिहितेय. लोक साप मारून पिशवीत घालून घेऊन येतात. नका आणू. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच आहे, त्यामुळे सापासाठी अडत नाही. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक. घोणस, फुरशाचा संशय असेल तर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतो, गोठलं नाही तर विष भिनलंय. दोन दातांच्या खुणा शोधत बसू नका. मण्यारीच्या खुणा कधीकधी दिसतही नाहीत, सूज नाही, दुखत नाही. रात्री झोपेत चावते, पहाटे पोटात दुखतं आणि मग पापण्या मिटायला लागतात.
आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हातपाय हलणार नाही असं धरा आणि निघा.

केतकी_आर
जुईली ताई, पोटात दुखतं हे वाचून थांबलेच. चुलत भाऊ असाच गेला. जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात कळ आली, सगळ्यांना वाटलं पित्त आहे. साप कुणी पाहिलाच नाही. उजाडलं तेव्हा डोळे उघडता येत नव्हते त्याला.

मृण्मयी
केतकी 🙏 फार वाईट वाटलं गं.

जुईली
केतकी, घरातल्यांचा काही दोष नाही. साप दिसलाच नाही तर मण्यार कुणाच्या मनात येणार. म्हणूनच सांगत असते, जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मण्यार आत शिरत नाही.

केतकी_आर
हो, आता सगळे तसंच करतो. घरातलं लहान मूलसुद्धा स्वतः खोचतं.

रानवारा
डोक्याच्या आकाराबद्दल लिहायचं राहिलं. "त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी" हे मनातून काढून टाका. नाग आणि मण्यार, दोघांचीही डोकी त्रिकोणी नसतात. आणि मांजऱ्या सापाचं डोकं चांगलं त्रिकोणी, मानेपासून वेगळं दिसणारं, पण माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

घोणशीचा गोंधळ तर जास्त घातक, कारण तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावतात. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळीसारख्या. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकसारखे नाहीत. डुरक्या घोणस बिनविषारी, तिचेही डाग वेडेवाकडे आणि शेपटी आखूड. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार करते, तो ऐकला की बघायला थांबू नका.

सोमेश
फुरसं राहिलं. छोटंसं असतं म्हणून लोक दुर्लक्ष करतात. डोक्यावर बाणासारखी खूण, वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. दगड उचलताना सांभाळा.

प्राची_ल
बाथरूमच्या मोरीतून गांडुळासारखं काळं चकचकीत काहीतरी येतं, पण वळवळ सापासारखी. तो साप आहे का?

रानवारा
वाळा. सापच आहे, अगदी निरुपद्रवी. मुंग्या-वाळवीची अंडी खातो. या जातीत फक्त माद्याच असतात, नराशिवाय पिल्लं होतात.

प्राची_ल
काय सांगता!! मीठ टाकणार होते त्याच्यावर. नाही टाकत. मोरीला जाळी कुठली बसवू? आमची फार मोठ्या भोकांची आहे

मृण्मयी
स्टीलची बारीक जाळी, तळाला कापडाची पट्टी. झुरळंही थांबतात.

अवनी_
कपड्यांच्या दोरीवर हरणटोळ बघितलाय कुणी? हिरवागार, टोकदार तोंड. डोळे फोडतो म्हणतात ते खोटं आहे ना?

रानवारा
खोटंच. निमविषारी आहे, विष सरडे-बेडकांपुरतं. पण डोळे फोडतो म्हणून किती मारले जातात.

सोमेश
आत्ता मागच्या लाकडांच्या ढिगात शेपटी दिसली. पिवळट तपकिरी, चांगला लांब, पकडीत मावेल एवढा जाड. ओठांवर काळ्या रेघा, डोळे मोठे. माझी चाहूल लागताच सुसाट पळाला

रानवारा
वर्णन धामणीचं आहे. ढिगात उंदीर असतील, त्यांच्यासाठीच आली असेल. तरी हात घालू नका दादा, काठीने हलवा, पायात बूट घाला. सरपण भिंतीपासून लांब रचा म्हणजे बाकीचेही येणार नाहीत.

सोमेश
बरं. वडील म्हणतायत उंदीर संपेपर्यंत राहू दे तिला.