औषध भरलेलं मढं गावात आणावं की नाही?

पांदणवाट (धागाकर्ता)
माझा धाकटा भाऊ मस्कतला वेल्डर होता. गेल्या श्रावणात तिकडंच झोपेत गेला. घरी आला तो बाराव्या दिवशी. मृत्यूचा दाखला, दूतावासाचं ना हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि एम्बामिंगचं, म्हणजे मढं सडू नये म्हणून त्यात औषध भरल्याचं प्रमाणपत्र, हे सगळं जुळल्यावरच विमानात जागा मिळते. मुंबई, नागपूर आणि मग रुग्णवाहिकेनं दारव्ह्याजवळचं आमचं गाव. पहाटेचे तीन वाजले होते.

गावातली जाणती मंडळी म्हणाली, औषध मारलेलं मढं आहे, पेटी उघडू नका, आंघोळ घालू नका, सरळ न्या. एक काका तर म्हणाले, पोट फाडून सगळं काढून घेतात, नुसती विटंबना. आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. मी पेचकस आणला आणि पेटी उघडली. भाऊ तोच होता. लहानपणी वखराची पास लागून हनुवटीवर झालेला व्रण तसाच होता. आईनं त्या व्रणावर बोट ठेवलं आणि मग ती रडली, बारा दिवसांत पहिल्यांदा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही विटंबना नाही. ते औषध नसतं तर आईच्या वाट्याला फक्त बंद पेटी आली असती.

सावळी विहीर
दादा, तुमच्या आईचं वाचून गलबललं. तरी माझं मत वेगळं आहे. माझ्या सासूबाई मे महिन्यात गेल्या, वर्धा जिल्ह्यात, पारा ४५ च्या वर. थोरले दीर अमेरिकेत. ते येईपर्यंत थांबायचं ठरलं आणि मढ्यात औषध भरून आणलं. तीन दिवस. घरात चूल नाही, शेजारच्या घरून आलेलं पिठलं-भाकर लेकरांनी मागच्या दारी बसून खाल्लं. सासरे ८१ वर्षांचे, तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी सलाईन लावावं लागलं. पहिल्या दिवशी अख्खं गाव दारात होतं. खांदा द्यायच्या वेळी मोजकी माणसं उरली, कारण पेरणीआधीची कामं कोणासाठी थांबत नाहीत.

या औषधानं दूर असणाऱ्याला वेळ मिळतो आणि तो वेळ जवळ असणाऱ्यांच्या अंगातून काढला जातो. तिन्ही दिवस सासूबाईंजवळ मी बसले होते, कोणी मला विचारलं नाही.

बोरबन
आमच्या समाजात जाळत नाहीत, माती देतात. मसनवटी नाल्याच्या काठाले. थे औषध मातीत जाईन, मातीतून पान्यात जाईन. मानूस मातीत गेला का माती झाला पाह्यजे. औषधानं थो सडतच नाई तर माती कधी होईन? हे फॅड परदेशातलं हाय बाप्पा, आपल्याले कायले पाह्यजे?

हॉलमधला माणूस
मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात १९ वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, अवयव काढत नाहीत. ते प्राचीन इजिप्तमध्ये काढत आणि शरीर नेट्रॉन नावाच्या क्षारात सुकवत. आम्ही मांडीच्या सांध्याजवळ बोटभर छेद घेतो, धमनी शोधतो, नळी बसवतो आणि औषध आत सोडतो. मोठ्या माणसाला साधारण ८-१० लिटर. त्यात फॉर्मलिन मुख्य, सोबत ग्लिसरीन आणि स्पिरिटसारखे पदार्थ. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक शिजल्यावर घट्ट होतो ना, फॉर्मलिन प्रथिनांना तसंच बांधून टाकतं. मग जंतूंना ती फोडता येत नाहीत. म्हणून हात लावला तर अंग ताठ लागतं. घरच्यांना हे आधी सांगत जा, नाहीतर माणसं दचकतात.

शीतपेटी वेगळी. ती सडणं फक्त लांबवते आणि तिला लाईट लागते. खेड्यात लाईटचा काय भरवसा, ते तुम्हाला मी सांगायला नको. मात्र उन्हाळ्यात बारा-पंधरा तास उलटले, उजव्या कुशीखाली पोटावर हिरवट डाग आला, की औषध सगळीकडे नीट पोचत नाही. सावळीताईंच्या घरी लवकर निर्णय झाला असणार.

बोरबनभाऊंची मातीची काळजी मला पटते. फॉर्मलिनमधलं मूळ रसायन, फॉर्मल्डिहाइड, कर्करोग करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली जाहीर केलंय. सगळ्यात जास्त धोका आम्हाला, रोज हुंगणाऱ्यांना. संध्याकाळी घरी गेलो तरी डोळे चुरचुरत असतात. नातवाला उचलण्याआधी मी दोनदा साबण लावतो. पुरायचं असेल तर औषध भरू नका, हे मी स्वतः नातेवाइकांना सांगतो.

पांदणवाट
फॅड म्हणू नका, बोरबनभाऊ. अमेरिकेत हे पसरलं १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात, कारण शेकडो मैलांवर मेलेली पोरं आईबापांना घरी हवी होती. १८६५ मध्ये लिंकनचं पार्थिव रेल्वेनं वॉशिंग्टनहून स्प्रिंगफिल्डला नेलं, जवळजवळ दोन आठवडे वाटेत होतं, ते याच्याच जोरावर. पोटासाठी लांब गेलेलं लेकरू परत आणायचं, एवढंच कारण. यवतमाळची पोरं आज आखातात आहेत.

सावळीताई, तुमच्या बाबतीत मी तुमच्या बाजूनं आहे. गावात गेलेल्या माणसाला तीन दिवस थांबवू नये.

सावळी विहीर
मग धाग्याचं नाव बदला, दादा. बाहेरून आणण्यासाठी औषध आणि घरी थांबवण्यासाठी औषध, या दोन गोष्टी गावात एकच समजल्या जातात. दिरांनी आल्यावर सासूबाईंचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. ताठ लागतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बोरबन
हॉलवाल्या भाऊ, पुरायचं असन तर भरू नका म्हनता, पन विमानानं आनलेल्याले पुरायचं असन तर? आमच्या गावचे दोन पोट्टे कुवेतले हायेत.

हॉलमधला माणूस
विमानानं येणाऱ्याला औषध चुकत नाही. विहिरीपासून आणि नाल्यापासून लांबची, उंचावरची जागा बघा. शक्य असेल तर त्या एकाला अग्नी द्या. समाजाच्या बैठकीत हे आत्ताच बोलून ठेवा, पेटी दारात आल्यावर नको.

बोरबन
पोळ्याच्या बैठकीत काढतो इषय. पन बुढे आयकतीन असं वाटत नाई.